दाजींचं साहेब होणं

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, आमच्या इमारतीत कुणी नावाने ओळखत नाही. सगळे त्यांना पक्कड म्हणतात. भाड्याने घरं देणाऱ्या एका कंपनीत त्यांनी एकोणीस वर्षं दुरुस्तीचं काम केलं आणि या एकोणीस वर्षांत उजव्या खिशातली पक्कड फक्त झोपताना बाहेर काढली. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मी शिंपी आहे आणि तो खिसा मीच दुहेरी कापडाचा शिवत आलोय. तरी वर्षाला एक खिसा फाटायचाच.

माणूस लाखात एक, पण खोड एकच. कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीला कान. घरची बाई ‘या, बसा’ म्हणेपर्यंत हे आपले भिंतीला चिकटलेले. पाणी कुठे मुरतंय ते त्यांना म्हणे ऐकू येतं. माझ्या लग्नासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तिथेही त्यांनी हे केलं. मोरीच्या भिंतीत गळती आहे असं मुलीच्या बापाला सांगितलं. गळती निघालीही. लग्न मात्र मोडलं.

आमची इमारतही त्याच कंपनीची. तर यंदा इथले जुने मॅनेजर निवृत्त झाले आणि कंपनीने दाजींना मॅनेजर केलं. पण कच्चं. आधी तीन दिवसांचं नेतृत्वाचं प्रशिक्षण, मग भाडेकरूंची एक बैठक प्रशिक्षक बाईंच्या देखत घ्यायची. त्यात पास झाले तर पक्के. पक्क्या मॅनेजरला तळमजल्यावरच्या दोन खोल्या राहायला मिळतात, आणि आमचा सगळ्यांचा जीव त्या खोल्यांत अडकला होता. ताई-दाजी राहतात चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पायऱ्या बहात्तर. ताईच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच हात टेकलेत. वर जाताना ती दुसऱ्या मजल्यावर माझ्या दाराशी बसते, त्यासाठी मी तिथे एक स्टूलच ठेवलंय. बसली की म्हणते, “भावाची माया म्हणून नाही रे थांबत, दम लागतो म्हणून थांबते.” पण तिचा चेहरा कसा झालेला असतो ते मला दिसतं, आणि मला वाईट वाटतं.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी बाईंनी दाजींची पक्कड काढून घेतली. मॅनेजरने हत्यार बाळगायचं नाही, काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं. तिथे एक पुस्तिका दिली होती, ती दाजींनी संध्याकाळी मला वाचून दाखवली. कुणी तक्रार केली की मनात दहापर्यंत मोजा. मग तीच तक्रार त्याच्याच शब्दांत त्याला परत सांगा. मग काम योग्य माणसाकडे सोपवा आणि तारीख द्या. आणि शेवटी ठळक अक्षरात: सभेत स्वतःची चूक कधीही कबूल करू नका.

“एवढंच?” मी म्हटलं. “हे तर मलाही येतं. गिऱ्हाइकाची पँट आखूड झाली की मी हेच करतो.”

दुसऱ्या दिवशी नाटक होतं. दुसऱ्या इमारतीच्या एक नव्या मॅनेजरबाई चिडलेली भाडेकरू झाल्या आणि दाजींवर ओरडल्या, “माझ्या बेसिनखाली पाणी गळतंय!” दाजींनी विचारलं, “सांध्यातून की तळातून?” बाई गडबडल्या, म्हणाल्या, “सांध्यातून.” “थेंब थेंब की धार?” “धार.” झालं, दाजी टेबलाखाली शिरले. प्रशिक्षक बाई ओरडल्या, “अहो, तिथे बेसिन नाहीये!” आतून आवाज आला, “मग तक्रार कशाची आहे?”

त्यामुळे घरी सराव सुरू झाला. ताई म्हणाली, “मीठ संपलंय.” दाजी गप्प. आम्ही बघतोय. ओठ हलतायत. दहा झाल्यावर म्हणाले, “म्हणजे तुझं म्हणणं असं, की मीठ संपलंय.”

“दुसरं काय म्हणाले मी?”

“हे काम मी योग्य माणसाकडे सोपवतो,” म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. बहात्तर पायऱ्या मी उतरलो आणि बहात्तर चढलो. नेतृत्व काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

बैठक रविवारी सकाळी होती. आता इथे माझी अक्कल चालली. मला वाटलं, लोकांनी तक्रारीच केल्या नाहीत तर दाजी आपोआप पास. शनिवारी मी दारोदार फिरलो. “उद्या तोंडाला कुलूप,” सगळ्यांना बजावलं. लोकही तयार, कारण दाजींनी ज्याच्या घरी काही केलं नाही असं घर नाही. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर दर महिन्याला अकरा कलमी तक्रार अर्ज देतात. त्यांनी तो अर्ज माझ्यासमोर घडी घालून कपाटात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. तो अर्ज लिहायला त्यांना चार दिवस लागले होते.

रविवारी तळमजल्यावर खुर्च्या मांडल्या. प्रशिक्षक बाई मागे, माझ्या शेजारी, मांडीवर कागद घेऊन बसल्या. दाजी मी शिवलेल्या नव्या शर्टात उभे, आणि रिकाम्या खिशावर हात. “कुणाची काही तक्रार?”

कुणी हूं की चूं करेना.

“जिन्यातला दिवा?”

“लख्ख,” मास्तर म्हणाले. तो दिवा महिनाभर बंद आहे.

पाच मिनिटं अशीच गेली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात शेजारच्या कागदाकडे नजर गेली. त्यावर एक रकाना होता: ‘अवघड तक्रार हाताळली.’ मी हळूच विचारलं, “तक्रारच नसली तर?”

“तर रकाना रिकामा,” बाई म्हणाल्या. “रिकामा म्हणजे नापास.”

माझी पाचावर धारण बसली. बहात्तर पायऱ्या डोळ्यांपुढे आल्या, आणि त्या मीच बांधल्या होत्या. मी ताडकन उभा राहिलो. “माझा नळ गळतोय! कधीपासून गळतोय!”

दाजी दहा काय, एकसुद्धा मोजायला थांबले नाहीत. “गेल्याच आठवड्यात तर वॉशर बदलला ना रे तुझा?”

सगळे हसले. मी खाली बसलो. तेव्हा पहिल्या रांगेतून खुर्चीला धरून ताई उठली.

“माझी आहे तक्रार. चौथा मजला. आमच्या न्हाणीघराचं दार लागत नाही.”

मला वाटलं, वा, बहीण कुणाची! काय वेळेवर सुचलं. दाजींनाही धीर आला. त्यांनी मोजलं, अगदी नीट मोजलं. “म्हणजे तुमचं म्हणणं असं, की न्हाणीघराचं दार लागत नाही. कधीपासून?”

“अकरा वर्षं झाली,” ताई म्हणाली. “पाण्याने फुगलंय. कडी पोचत नाही. मी आतून पाण्याने भरलेली बादली लावते दाराला आणि अंघोळ करते. पाहुणे असले की अंघोळच करत नाही. यांना पहिल्या वर्षी सांगितलं, दुसऱ्या वर्षी सांगितलं. मग सोडून दिलं. यांना सगळ्यांच्या भिंतीतलं ऐकू येतं हो.”

हे बोलता बोलता तिचा आवाज बदलला आणि मला कळलं, तिला काही सुचलंबिचलं नव्हतं. मी त्या घरी आठवड्यातून चारदा जेवतो. ती बादली मी हजारदा बाजूला सारलीय. मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की ही इथे का आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात, त्या अंधारात मीही आरामात बसलो होतो.

दाजींनी परत मोजायला सुरुवात केली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. दहा कधीच होऊन गेले असतील.

“चूक माझी,” ते म्हणाले.

बाईंच्या पेनाने कागदावर एक फुली मारली. मी बघितली.

दाजी सावरले. “हे काम मी माझ्या जागी आलेल्या नव्या फिटरकडे सोपवतो. बुधवारी...”

“फिटर नको,” ताई म्हणाली. “ज्याने अकरा वर्षं लावली, त्यानेच करायचं.”

“बुधवारी,” दाजी म्हणाले. “मीच येतो.” दुसरी फुली.

बैठक संपली. घरोघरी पातेलं चुलीवर चढलं तरी लोक जिन्यात कुजबुजत होते. मास्तरांनी मला अडवून सांगितलं की माझ्यासारखा हितचिंतक असला की शत्रूची गरज नाही, आणि तो अकरा कलमी अर्ज माझ्याच हातात दिला. ताईला मी म्हटलं, “थोडं गोड करून सांगितलं असतंस तर?” ती म्हणाली, “अकरा वर्षं गोडच करत होते.” माझ्या स्टुलावर ती त्या दिवशी बराच वेळ बसली होती.

बुधवारी दाजींनी सुट्टी टाकली. पक्कड परत मिळाली होती. त्यांनी दार बिजागऱ्यांतून उतरवलं, खालून रंधा मारला, कडी दोन बोटं खाली घेतली. एकूण पाऊण तास लागला. पाऊण तास झाल्यावर ते घड्याळाकडे बघत राहिले.

मी पोचलो तो कंपनीचं पत्र घेऊनच. ते खाली पेटीत आलं होतं आणि मी ते जिन्यातच फोडलं, माझा स्वभावच तसा आहे. दाजी पास! अवघड तक्रारीचा रकाना भरला होता. दोन फुल्या होत्या, शेरा होता की चूक कबूल करण्याची सवय सोडावी. त्याखाली बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘दार झालं का ते कळवावे.’ तळमजल्याच्या खोल्या एक तारखेपासून आमच्या.

बहात्तर पायऱ्या मी धावत चढलो. दाजी न्हाणीघराबाहेर जमिनीवर बसले होते. पत्र मी त्यांच्या नाकासमोर धरलं, त्यांनी ते वाचलं, घडी घालून पकडीच्या खिशात ठेवलं. बादली बाहेर होती, रिकामी, पालथी.

“ताई कुठाय?”

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. आतून कडी लागली होती. पाण्याचा आवाज नव्हता.

“अंघोळ करतेय?”

“नाही,” दाजी हळूच म्हणाले. “नुसती बसलीय. अर्धा तास झाला.”

मी दार वाजवायला हात उचलला. एवढी मोठी बातमी! दाजींनी माझा हात धरून खाली ओढला.

“दहापर्यंत मोज.”

आम्ही दोघांनी मोजलं. त्यांनी सवयीने भिंतीला कान लावला. आत ताई काहीतरी गुणगुणत होती. मलाही ऐकू येत होतं. दहा झाले, मी उठायला लागलो, तर दाजींनी पुन्हा एकपासून सुरू केलं.