पाटल्यांखालची कातडी

दिवाळे गावच्या शेवंताबाईला ऊन बाधलं, असं कुणी म्हटलं असतं तर गाव पोट धरून हसलं असतं. चाळीस वर्षं खाडीकाठी जवळा सुकवणारी बाई ती, उन्हाला तिने कधी भीक घातली नव्हती. तिथेच चूक झाली. पायात शिंगाळ्या माशाचा काटा घुसला, जखम चिघळली. डॉक्टरांनी अँटिबायोटिक गोळ्या दिल्या आणि बजावलं, "या गोळ्या घेताना उन्हात जायचं नाही."

"मंग जवला काय तुमच्या पंख्याखाली सुकवू?" म्हणत ती थेट मासळी सुकवायच्या खळ्यावर गेली.

चौथ्या दिवशी तोंड, मान, हात लालबुंद. फोड आले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, गोळी बदलली आणि सांगितलं, गोळी आणि ऊन मिळून कातडी भाजलीय, हे कुणाला लागत नाही. पण लोकांचं तोंड कोण धरणार? बाजारात गिऱ्हाईक तिच्या टोपलीपाशी थबकायचं आणि पुढे सरकायचं. शेजारी बसणारी सरस्वती म्हणाली, "शेवंते, बरी होस्तवर घरी बस. तुज्यापायी आमचा पन धंदा बसंल."

बाजारात जागा रोज बसणारीची. आठ दिवस रिकामी राहिली की तिथे दुसरीची टोपली आलीच. आणि ही जागा तिच्या सासूने दिलेली. शेवंताबाईचं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी ती लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा चढवून, काळी छत्री घेऊन हजर. बाया खिदळल्या. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने तिच्या बोटांकडे पाहून नाक मुरडलं. मग मात्र ती उठली आणि तिने दोन्ही बाह्या वर केल्या.

जुन्या कोळी रीतीने तिच्या डाव्या हातातच काकणं होती. उजव्या हातातली लग्नात दर्याला वाहिलेली, त्याने नवऱ्याला सांभाळावं म्हणून. तो उजवा हात कोपरापर्यंत सलग भाजला होता. डाव्या हातातल्या रुंद पाटल्या तिने वर सरकवल्या. खालची कातडी साफ होती, एक फोड नाही.

"बगा गो सगल्याजनी! रोग असता तर माज्या सोन्याला घाबरून थांबला असता काय? जितं ऊन पोचलं तितंच भाजलंय. मी हितून हलनार नाय."

सरस्वती उठली, जवळ आली आणि सगळ्यांदेखत तिने तो भाजलेला उजवा हात आपल्या हातात घेतला.

"दुखतंय?"

"दुखतंय तर," शेवंताबाई म्हणाली. "सोड आता, गिऱ्हाईक उभं हाय."