दुसरी गोळी

गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काढून मला तीन वर्षं झाली. तिचं काम आता एक बारीक गोळी करते. रोज सकाळी, उपाशीपोटी, जन्मभर.

कारंजा गावाजवळ आमचा भाजीचा मळा आहे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. पान पिवळं पडलं की युरियाची मूठ जरा सैल सोडायची, चार दिवसांत रान हिरवंगार. हीच अक्कल मी स्वतःवर चालवली. ऐन हंगामात अंग जड झालं, जुड्या बांधता बांधता डोळे मिटायला लागले, तेव्हा मी एकाच्या दोन गोळ्या घ्यायला लागले. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

आणि काय सांगू, अंगात वारं भरलं! वजन उतरलं. छातीत धडधडायचं, हात थरथरायचे, पण वाफे भराभर रिकामे व्हायचे. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "माही सून पाहा, कशी पयते!" मी फुशारून जायची. वर्षभर असंच चाललं.

मग एकदा बांधावर पाय घसरला. पडले कसली, बसलेच म्हणा. हात टेकला आणि मनगट मोडलं.

"एवढ्याशानं?" हाडांच्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं. रक्त तपासलं, हाडं तपासली. रक्तात औषध जास्त निघालं आणि हाडं विरळ. ते म्हणाले, "तुमची पाळी गेलेली, त्यात ही गोळी जास्त झाली, की हाड भरून निघण्याआधीच झिजत जातं. उद्या खुब्याचं मोडलं तर अंथरूण धराल." तेव्हा मी खरं सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एका गोळीवर आले. अंग रुळायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण मी भिऊन गेले आहे. ओल्या वाफ्यात पाय टाकताना भिते, एसटीतून उतरताना भिते, शिंक आली तरी भिते. कमरेत कळ आली की वाटतं, गेलं काहीतरी आत. आणि सगळ्यात जास्त भीती मला त्या गोळ्यांच्या डबीची. म्हणून ती सासूबाईंच्या हवाली केली. "रोज एकच द्या. मी रडले तरी दुसरी देऊ नका." दोन महिने त्यांनी एकच दिली.

काल बाजारासाठी मेथी उपटायची होती. सकाळी मी उठले आणि भिंतीला टेकून तशीच बसले. सासूबाई पाणी घेऊन आल्या. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, डोक्यावरून हात फिरवला आणि तळहात पुढे केला. त्यावर दोन गोळ्या होत्या.

"घे वं माय," त्या हळूच म्हणाल्या, "आजच्या दिवस. पाहवत नाही मले तुह्याकडं. डॉक्टरले कोन सांगते?"

मी नको म्हणायच्या आधीच माझा हात पुढे झाला होता.