सासूबाईंचं पोट आणि स्वीडनचा निकाल

लग्न होऊन मी अकोटजवळच्या त्या गावात गेले, तेव्हा सासूबाईंचं पोट आधीपासूनच दुखत होतं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढे याच मुद्द्यावर फार घोळ झाला. वर्ष पुरं व्हायच्या आत आम्ही नवराबायको अमरावतीला राजापेठेत भाड्याच्या खोल्यांत राहायला आलो. त्याची नोकरी तिथे होती, आणि मला एका शिकवणी वर्गात सामान्य ज्ञान शिकवायचं काम मिळालं. तिकडे सासूबाईंचं दुखणं वाढलं, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना अकोल्याच्या एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ बघितली आणि सांगितलं, "अल्सर आहे. तिखट बंद करा. आणि टेन्शन घेऊ नका."

तिखट बंद झालं. ज्या बाईच्या हातच्या ठेच्यासाठी पाहुणे मुक्काम वाढवत, ती दूधभात आणि फिकं वरण गिळू लागली. राहिलं टेन्शन. ते कशाचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण गावात संशोधनाची आवड दांडगी. कुठलीही प्रयोगशाळा नसताना शेजारपाजारच्या बायकांनी दोन दिवसांत शोध लावला, की सून पोराला घेऊन अमरावतीला गेली, तेच टेन्शन. एवढं एकमत जगातल्या कुठल्याच शोधाला लाभलं नसेल. सासूबाईंनीही ते खोडून काढलं नाही. मी घरात आले की त्या पोटावर हात ठेवायच्या.

ती वर्षंच टेन्शनची होती म्हणा. कापसाला भाव नव्हता, आणि दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावच्या शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी पेपरात यायची. मुंबई-दिल्लीहून गाड्या भरभरून पथकं यायची, चहा प्यायची आणि शेतकऱ्यांना टेन्शन फार आहे, असा निष्कर्ष काढून परत जायची. एकदा गावच्या शाळेत ताणमुक्तीचं शिबिर भरलं. सासरेही जाऊन श्वास आतबाहेर करून आले. कसं वाटलं, विचारलं तर म्हणाले, "श्वास तं आधीबी घेतच होतो, बाप्पा. कापसाचं काई सांगतलं नाई त्यायनं."

त्यातल्याच एका वर्षी गणपतीत सासूबाईंना रक्ताची उलटी झाली. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पोट उघडावं लागेल, कदाचित निभावणारही नाही. आणि टेन्शन घेऊ नका, हे पुन्हा सांगितलं. घरी आल्यावर चुलतसासूने माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलेले नाही. या बाईचं काही बरंवाईट झालं, तर ते माझ्या नावावर लागणार आणि जन्मभर पुसलं जाणार नाही, हे मला स्पष्ट कळलं. मला भीती वाटली.

मग ऑक्टोबर आला. ऑक्टोबरात स्वीडनवाले आपली ती जगप्रसिद्ध बक्षिसं जाहीर करतात आणि आमच्या शिकवणी वर्गात धांदल उडते. कोणीतरी जन्म घालवून काहीतरी शोधायचं, स्वीडनने त्याला सोन्याचं पदक द्यायचं, आणि राजापेठेत मी त्याची एक ओळ करून पोरांना उतरवून द्यायची, अशी ती कामाची वाटणी होती. शोध कळायची गरज नव्हती, कोणालाच. फक्त उत्तराचा पर्याय ओळखता यायला हवा.

मी सांगत होते, "वैद्यकशास्त्र. ऑस्ट्रेलियाचे दोन डॉक्टर. शोध काय, तर पोटातला अल्सर तिखट खाण्याने किंवा मानसिक ताणाने नव्हे, तर एका जिवाणूमुळे होतो."

आणि मी थांबले.

"मॅडम, समोरचं सांगा ना," एक पोरगी म्हणाली.

मी तीच ओळ पुन्हा सांगितली. पोरांनी ती निमूटपणे पुन्हा लिहून घेतली. परीक्षेत दोनदा येणार असेल, असं त्यांना वाटलं असावं.

त्या दिवशी घरी जाऊन मी मिळेल ते वाचून काढलं. शोध लागून वीसेक वर्षं झाली होती. ऑस्ट्रेलियाहून एसटीने निघाला असता, तरी एव्हाना अकोल्याला पोचला असता. त्या दोघांवर आधी कोणी विश्वास ठेवला नव्हता, म्हणून एकाने ते जिवाणू स्वतःच पिऊन दाखवले आणि पोट बिघडवून घेतलं. साध्या गोळ्यांनी दुखणं बरं होतं, हेही त्यात होतं. शनिवारी मी अकोटची गाडी पकडली. मला सासूबाईंचा जीव वाचायला हवा होता आणि माझी सुटकाही. दोन्ही सारखंच हवं होतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि भडकल्या. "किडा? माह्या पोटात? आमी काय घान खातो काय वं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टेन्शन हा इज्जतीचा आजार होता. तो सोसणारीला मान होता आणि देणारीला बोल. किड्यात काय आहे? किडा कोणाच्याही पोटात होतो.

"आई, एका डॉक्टरने ते किडे पिऊन बघितले. त्याचंही पोट बिघडलं."

"येडा होता काय तो? अन् त्याच्या बायकोनं पिऊ देल्लं?"

"तिला आधी सांगितलंच नव्हतं म्हणे."

"मंग बरोबर," त्या म्हणाल्या. एवढा भाग त्यांना पटला.

सासरे ओसरीवर बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "काहून वं, आपल्या पऱ्हाटीच्या बोंडात अळी निघाली तं आपन काय म्हन्तो? पऱ्हाटीले टेन्शन आलं म्हन्तो काय?"

सोमवारी सासूबाई माझ्याबरोबर अमरावतीला आल्या.

इथल्या डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घातली, पोटातला कणभर तुकडा काढून तपासला आणि जिवाणू असल्याचं सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "कसा हाय दिसाले?" डॉक्टर म्हणाले, वाकडातिकडा, पीळ दिलेला. त्यावर त्यांनी मान डोलावली. गोळ्या मुठीने होत्या, तोंड कडू पडायचं, आणि घड्याळ बघून त्या द्यायचं काम माझ्याकडे होतं. गोळ्या देणारीच टेन्शन देणारी, हा विनोद त्या खोलीत आम्हा दोघींपैकी कोणीच केला नाही. दुखणं हळूहळू ओसरलं आणि दिवाळीला त्या आपल्या पायांनी बस चढून गावी गेल्या.

दिवाळीत मीही गेले. स्वीडनने मला निर्दोष सोडलं होतं, आता गावात निकालाचं वाचन व्हावं, एवढीच माझी अपेक्षा होती. बायका आल्या, फराळ झाला. चुलतसासू म्हणाली, "चार दिवस पोराजवळ राह्यली ना, टेन्शन गेलं तिचं!" सगळ्यांना पटलं. स्वीडनचं बक्षीस गेलं चुलीत.

बायका गेल्यावर सासूबाई चुलीपाशी बसल्या. तव्यावर मिरच्या भाजल्या, लसूण-मीठ घालून वाटीच्या बुडाने रगडल्या आणि ताटात ज्वारीची भाकर घेतली. इतक्या वर्षांनी पहिला घास. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आई, बेतानं खा. सवय गेली आहे."

त्यांनी डोळे पुसले नाहीत. "हा किडा एकाचा दुसऱ्याले लागते काय?"

"घरातल्या घरात लागतो म्हणतात. लहानपणीच, आईकडून लेकराला."

"मंग माह्या मायलेबी असन," त्या म्हणाल्या. "असीच पोट धरून बसे. रक्त ओकूनच गेली. तवा टेन्शन नोते म्हनत, घोर म्हनत. माह्यं लगन जमून नोतं राह्यलं. सारे म्हनत, पोरीच्या घोरानं मेली." त्या ताटाकडे बघत राहिल्या. "म्हंजे माय माह्यानं नाई मेली."

"नाही, आई."

इतकी वर्षं मी माझ्यावरच्या आरोपाचं ओझं मिरवत होते, आणि ही बाई तसंच ओझं लग्नाआधीपासून घेऊन बसली होती.

त्यांनी उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडला, त्याला ठेचा लावला आणि तो माझ्या हातावर ठेवला.

"खाय," त्या म्हणाल्या. "तुह्यानंबी काई नोतं झालं."