कोक्याच्या जटा

“मावशी, ह्याचा पाय टेकंना झालाय.”

सोनमनं हाक मारली तेव्हा साखरबाई व्हरांड्यात रोजचं सामान मांडत होती. ठेंगणं स्टूल, त्यावर जुनी सतरंजी, कोमट पाण्याची वाटी, कापूस, रुंद दातांचा कंगवा, बारीक फणी, तारांचा ब्रश. तिनं मान वर करून बघितलं, तर दारात कोको तीन पायांवर उभा. पुढचा डावा पाय पोटाशी धरलेला.

कोको म्हणजे ल्हासा अप्सो कुत्रा. मांजराहून थोडा मोठा, पण अंगावरचे केस जमिनीपर्यंत. पाठीवर मधोमध भांग, दोन्ही अंगांना पांढऱ्या-तपकिरी झालरी, आणि डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून कपाळावर रबर लावलेली शेंडी. बारामतीच्या या बंगल्यात तो आला तेव्हा ‘कोको’ होता. साखरबाईच्या हाताखाली चार दिवसांत त्याचा ‘कोक्या’ झाला.

तिनं त्याच्या काखेत बोटं घातली. केस हाताला लागलेच नाहीत. लागला तो एक चपटा, घट्ट, कातड्याला चिकटून बसलेला तुकडा. दोन्ही कानांमागं तसलेच. पोटाखाली तर तळहाताएवढा. ही वस्तू तिच्या बोटांच्या ओळखीची होती. लोकरीच्या घरात जन्मलेल्या बाईला बुरणूस ओळखू येणार नाही? लोकर भिजवा, चोळा, वाळू द्या. तिचे तंतू एकमेकांत असे रुतून बसतात की तिचं जाड कापड होतं, तोच बुरणूस.

आणि काल संध्याकाळी भिजवली कुणी? चोळली कुणी?

साखरबाई आठ दिवस पुतणीच्या लग्नाला वरकुट्याला गेली होती. तेवढ्यात सोनम कोकोला घेऊन सणसरला माहेरी जाऊन आली. सोनम ही घरच्या मालकीणबाईंची, माधवीवहिनींची, धाकटी जाऊ, लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. तिकडं उसाच्या सऱ्यांतून, पाटाच्या चिखलातून कोको मनसोक्त हुंदडला आणि आठ दिवस त्याच्या अंगाला कंगवा लागला नाही. काल साखरबाई परतली, तर सगळं अंग गोखरूच्या काट्यांनी आणि चिखलानं भरलेलं. तिनं सोनमला चार शब्द सुनावले, पदर खोचला आणि कुत्रं उचलून थेट मोरीत नेलं.

तिच्या बापाच्या कळपात हाच शिरस्ता होता. कातरणीआधी मेंढरं कॅनॉलात घालायची, दोन्ही हातांनी खसाखसा चोळायची, उन्हात वाळवायची, मग कातर. आधी पाणी, मग लोखंड. बाप गेला, नवऱ्यानं, गेणबानं, कळप विकून टाकला, पोरं कंपनीत लागली, आणि साखरबाई भांडी घासायला या बंगल्यात आली. पण हात त्याच कळपातले राहिले. मेंढरू धुवायचं ते कातरण्यासाठी, आणि कोकोला तर कातरायचं नव्हतंच. त्याचा क्रम उलटा. आधी कोरडं विंचरायचं, गाठ न् गाठ मोकळी करायची, मगच पाणी. तीन वर्षं तिचं काही बिघडलं नव्हतं, कारण रोज विंचरलेल्या अंगावर गाठच नसायची. काल पहिल्यांदा गाठी होत्या, आणि काल हातांनी डोक्याला विचारलंच नाही.

माधवीवहिनी कॉलेजात शिकवायला निघाल्या होत्या, त्यांनी पर्स ठेवून डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर दोन गल्ल्या सोडूनच राहायचे. त्यांनी काख उघडून बघायचा प्रयत्न केला आणि कोको असा ओरडला की सोनमनं कान झाकले.

“कातडं ओढलं जातंय,” डॉक्टर म्हणाले. “आजच्या आज मोकळं झालं नाही तर आत चिघळेल. मशीननं भादरावं लागेल.”

“मशीनचा आवाज आला की तो चावतो,” माधवीवहिनी म्हणाल्या.

“म्हणजे भूल आली.”

मागच्या वर्षी दात साफ करायला भूल दिली होती, तर कोकोनं दोन तास डोळे उघडले नव्हते. हृदय अशक्त आहे, हे तेव्हा कळलं.

“उठेल ना तो?” माधवीवहिनींनी विचारलं.

डॉक्टर बॅग बंद करू लागले. “भूल टाळा असं मीच सांगितलं होतं. पण कातडं सडू देता येणार नाही. चार वाजता घेऊन या.”

ते गेले. माधवीवहिनी सोनमकडं वळल्या. “आठ दिवस, सोनम! आठ दिवसांत एकदा कंगवा फिरवता आला नाही तुला?”

“चुकलं, ताई.”

साखरबाईनं तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आले होते. पण बाहेर पडलं ते भलतंच. “वैनी, चार वाजंपत्तुर येळ द्या. मी सोडवते.”

“सुटेल?”

“बघती.”

फाटक वाजलं, गाडी गेली. व्हरांड्यात दोघी आणि तीन पायांवरचा कोको.

“धरायला येतंय का?” साखरबाईनं विचारलं.

“म्हैस धरलीय मी सणसरला.”

“दाव्यानं. हितं दावं न्हाय. हातच दावं.”

साखरबाई फरशीवर मांडी घालून बसली, कोकोला उचललं आणि त्याची पाठ आपल्या पोटाला टेकवून त्याला ढुंगणावर बसवलं. चारी पाय हवेत. मेंढरू असं बसवलं की गार पडतं, हलत नाही, कातर फिरवा कुठंही. कोको मात्र चवताळला. पायांनी हवा ओरबाडायला लागला, मान मागं टाकली, घशातून चिरका आवाज, आणि मग आवाजही बंद.

“मावशी, जीभ! जीभ निळी पडली!”

तिनं त्याला खाली ठेवला, चटका बसल्यासारखा. तो आडवा पडून राहिला, बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. सोनम वर्तमानपत्रानं वारा घालत होती. साखरबाईनं दोन बोटं त्याच्या छातीवर ठेवली. आतलं ठोकणं चुकत होतं, थांबत होतं, पुन्हा धावत होतं. हळूहळू जिभेवर गुलाबी रंग परत आला.

“मेंढरू न्हाय गं हे,” ती पुटपुटली. “कितीदा इसरायचं मी.”

“कितीदा म्हणजे?”

साखरबाईनं ऐकलंच नाही असं केलं.

पाव तासानं कोको उठला. तीन पायांवर लंगडत व्हरांड्याच्या कोपऱ्यात गेला आणि रोजच्या स्टुलाच्या कडेवर हनुवटी टेकून उभा राहिला. सकाळची वेळ टळून गेली होती, पण ते स्टूल, ती सतरंजी त्याच्या ओळखीची होती.

“उचल त्याला,” साखरबाई म्हणाली. “रोजच्यावानी करायचं. जटांचं नावच काढायचं न्हाय.”

मग तिनं रोजचा पाढा सुरू केला, रोजच्याच आवाजात. “डोळं कुणाचं? कोक्याचं डोळं. चिपाड कुणाचं? कोक्याचं चिपाड.” कोमट कापूस नाकाकडून बाहेर फिरला. “कान कुणाचं? दाखव बघू. घाण न्हाय, शाणा हाय.” दाढीचे केस पुसले, जेवणानंतर तिथं भाताची शितं अडकतात. शेंडी सोडली, विंचरली, पुन्हा बांधली. पाठीवर जिथं केस मोकळे होते तिथं एकेक पदर उचलून खालून वर ब्रश चालवला. कोकोच्या पापण्या जड झाल्या. बरगड्यांची धावाधाव मंदावली. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा.

“आता ज्वारीचं पीठ आण मूठभर.”

“कुत्र्याची भाकरी थापताय का?”

“आण म्हंते ना! पिठानं बोट सरतं. माजी आय लोकरीतलं गोखरू असंच काढायची.”

कानामागच्या जटेत तिनं पीठ चोळलं. मग बारीक कात्री घेतली, टोक कातड्याकडून बाहेरच्या बाजूला. “आडवं कापलं की टक्कल पडतं. उभी चिरायची. भेंडी चिरतीस का न्हाय, तशी.” जट दोन फाकांत उघडली. तिनं कात्री ठेवली आणि नखांनी शेंड्याकडून एकेक केस सोडवायला घेतला. मुळाला दुसऱ्या हाताचा चिमटा, म्हणजे ओढ कातड्यापर्यंत पोचू नये. एक काटा निघाला. दुसरा. सोनम ते वाटीत टाकत होती, टिक, टिक.

एक वाजेपर्यंत कान मोकळे झाले. जेवायला कुणी उठलं नाही. पोटाखालच्या जटेला अडीच वाजले. तिथून केसांचा एक पुंजका गेलाच, पण कातडं शाबूत होतं.

“मावशी,” सोनम कोकोचं डोकं धरून, खाली बघत म्हणाली, “ताईंचं बरोबर आहे. मी कंगवा लावला नाही. रोज म्हणायचे, उद्या. पण...”

“पण काय?”

“मी आणला तेव्हा तो चार पायांवर चालत होता.”

साखरबाईची बोटं थांबली. वर बघितलं तर पोरीच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता. नुसतं कोडं होतं, आणि तेच जास्त लागलं.

“व्हय,” ती म्हणाली. “चालत हुता.”

आणि काखेकडं वळली.

बाराव्या वर्षी तिनं पहिल्यांदा कातर हातात घेतली तेव्हा एका कोकराची कूस कापली होती. लोकर ताणली, कातडं तिच्यासंगं वर आलं, आणि कातरीला काय कळतंय कुठं लोकर संपली अन् कुठं जीव सुरू झाला. बाप रागावला नाही. ते कोकरू त्यानं तिच्या खांद्यावर दिलं आणि दिवसभर तसंच चालायला लावलं. पाठीवर ओघळत आलेलं ते ऊन ऊन रक्त तिला अजून जाणवायचं.

“वढायचं न्हाय,” ती स्वतःलाच म्हणाली. “आधी फणी आत, मग फणीच्या वरनं कात्री. फणी मधी असली की कातडं वाचतं.”

पण फणी आत शिरेना. जट कातड्याला गोचिडासारखी धरून बसलेली. पीठ, पुन्हा पीठ. एक दात आत गेला, अडला. तीन वाजले. सव्वातीन.

“पाय थोडा वर घे. थोडा म्हटलं!”

सोनमनं घाबरून पाय जास्तच उचलला. कोको किंचाळला, वळला आणि साखरबाईच्या अंगठ्यात दात रोवले.

“मावशी!”

“हलू नगं.” साखरबाईनं हात मागं घेतला नाही. घेतला असता तर मांस फाटलं असतं, आणि फणी आतल्या आत फिरली असती. तिचे डोळे भरले, आवाज मात्र तोच राहिला. “दात कुणाचं? कोक्याचं दात. अंगठा कुणाचा? साखरबाईचा अंगठा. सोड माज्या राजा. सोड.”

जबडा सैल झाला. रक्त सतरंजीवर ठिबकलं. सोनम फडकं आणायला उठली, तर ती खेकसली, “खाली बस! मग बांधू. आता त्यो ढिला पडलाय.”

खरंच, चावून झाल्यावर तो शरमल्यासारखा मऊ पडला होता. फणीचा दुसरा दात आत गेला. तिसरा. मग सगळी फणी आडवी सरकली, आणि पलीकडं तिचं टोक दिसलं. कात्री फणीवर टेकवली. कच्. थांबली. कच्. चौथ्या कापाला तो तुकडा फरशीवर पडला, वाळल्या शेणीच्या कपचीसारखा कडक. खालचं कातडं लालभडक होतं, पण अखंड.

कोको स्टुलावरून उतरला. डावा पाय त्यानं फरशीला लावला, उचलला, पुन्हा लावला. आणि टेकवला.

फाटकाशी हॉर्न वाजला. चारला दहा कमी.

माधवीवहिनी गाडीची किल्ली हातातच घेऊन आत आल्या. खाली बसल्या, कान उलटे केले, पोट बघितलं, काखेचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. उत्तर येईपर्यंत तिघीही फोनकडं बघत होत्या. फोन वाजला. वहिनींनी स्पीकरवर टाकला.

“भूल नको,” डॉक्टर म्हणाले. “मलम लिहून देतो. कुणी काढलं हे?”

“आमच्या साखरबाईंनी.” वहिनींनी किल्ली पर्समध्ये टाकली. उठता उठता सोनमला म्हणाल्या, “यापुढं त्याला सणसरला न्यायचं नाही. तुझ्यावर आता मी त्याला सोडणार नाही.”

सोनमनं मान हलवली. अंगठ्याला फडकं बांधत होती ती साखरबाईच्या. गाठ जरा घट्टच बसली.

“वैनी,” साखरबाई म्हणाली. “काटं हिच्याकडलं. बुरणूस माजा.”

“म्हणजे?”

“आला तवा गाठी हुत्या, सुटल्या असत्या. मी त्यास्नी इंचरलं न्हाय. मेंढरागत पाण्यात घातला आन् चोळला. रातभर वाळून त्या अशा झाल्या. पाय माज्यापायी उचलला त्यानं.”

माधवीवहिनी तिच्याकडं बघत राहिल्या. “सकाळी डॉक्टर होते, मी होते. तेव्हा का नाही बोललात? मी हिला तुमच्यासमोर बोलले.”

“भ्याले.”

“कशाला भ्यायचं?”

“कोक्या काढून घ्याल माज्या हातनं.”

स्टुलाखाली कोको आपली लाल काख चाटत होता. वहिनींनी त्याला हटकलं, मग सोनमकडं बघितलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“विंचरणं तुमच्याकडेच राहील, साखरबाई,” त्या अखेर म्हणाल्या. “पण आंघोळ नाही. आंघोळ सोनम घालेल.”

साखरबाईला ते लागलं. मोरीतलं ओलं कुत्रं, त्याचं अंग झाडणं, टॉवेलात गुंडाळल्यावरचं ते उंदराएवढं तोंड, सगळं एका वाक्यात गेलं. पण ती “बरं” म्हणाली.

काख बरी झाल्यावर तिसऱ्या रविवारी सोनम टॉवेल खांद्यावर टाकून आली. साखरबाईनं कुत्रं तिच्या हातात दिलं नाही.

“थांब.” तिनं डोळे मिटले आणि बोटं फिरवली. कानांमागं, हनुवटीखाली, दोन्ही काखा, पोट, शेपटीचं मूळ. सगळीकडं केस वेगवेगळे लागले. “आता ने.”

मोरीचं दार लोटलं गेलं. नळ सुरू झाला. साखरबाई बाहेर पायरीवर बसली, दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून, कारण ते आपोआप चोळल्यासारखे हलायला लागले होते.

“मावशी,” आतून सोनमची हाक, “शाम्पू लावला. आता चोळू का?”

“दाबायचं!” साखरबाई एवढ्यानं ओरडली की आत कोको भुंकला. “नुसतं दाबायचं गं बाई. चोळायचं न्हाय!”