किसनआप्पांनी फिरवलेलं मत

किसनआप्पांनी मला दोनदा फसवलं. एकदा शब्द देऊन ऐन वेळी मत फिरवलं, आणि आता महिन्यापूर्वी, मला त्यांच्या मताची सगळ्यात जास्त गरज असताना, गेले. उद्या सोमवारी आमच्या गावच्या दूध संस्थेत चेअरमनवर अविश्वास ठराव आहे. चेअरमन मी आहे. आप्पा असते तर ठराव पडला असता, हे तो आणणाऱ्यांनाही माहीत आहे. म्हणून तर ते आप्पांचा तेरावा होईपर्यंत गप्प होते.

बातमी आली तेव्हा मी दौंडला एका जुन्या ट्रॅक्टरच्या सौद्यात होतो. तोच माझा धंदा. दौंड स्टेशनबाहेर जुने टायर विकण्यापासून सुरुवात केली, आज शिरूरला रस्त्याला लागून माझं ट्रॅक्टरचं आवार आहे, आणि हे सगळं जिभेवर कमावलंय. त्या सकाळी समोरच्याला ट्रॅक्टरचा एकेक दोष दाखवत मी खाली आणत होतो, तेवढ्यात आप्पांच्या मुलाचा फोन आला. धार काढून ओट्यावर बसले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत संपलं होतं... फोन ठेवला आणि समोरच्याने सुरुवातीला सांगितलेल्या भावालाच हो म्हणालो. तो बिचारा घाबरला. आपणच स्वस्तात दिला की काय, असं त्याला वाटलं असणार.

आप्पांची माझी ओळखसुद्धा सौद्यातलीच. माझ्याकडे ट्रॅक्टर बघायला आले ते भाकरी बांधूनच. मी किंमत सांगितली की ते ‘बरं’ म्हणायचे आणि त्याच ट्रॅक्टरच्या सावलीत जाऊन बसायचे. मी ओरडलो, हातातला पाना आपटला, तुमच्यासारखं गिऱ्हाईक नको म्हणालो. त्यांनी फडकं सोडलं आणि म्हणाले, “रंगनाथ, ठेचा घे. तापलेल्या माणसाला बरा असतू.” संध्याकाळी ट्रॅक्टर त्यांच्या भावाने गेला आणि वर मी टाकीत डिझेल भरून दिलं. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही. त्या दिवसापासून शिरूरला आले की माझ्या आवारात यायचेच.

त्यांना जगाची फार काळजी. सकाळी संस्थेत दूध घालायला माणसं रांगेत उभी असत, तेवढ्यात आप्पा त्यांना पेपर वाचून दाखवत. कुठलाही देश असो, शेजारच्या निमोण्या-केंदूर गावांबद्दल बोलावं तसं बोलणार. कुठे राजवट उलथली, तर ह्यांची पहिली चौकशी, आता तिथल्या लोकांचं दूध कोण घेणार. मग दुधाच्या भावाच्या फळ्यावर खालच्या कोपऱ्यात खडूने आपलं मत लिहायचे. परदेशातल्या घडामोडींवर जाहीर भूमिका घेणारी दुसरी दूध संस्था मला तरी माहीत नाही.

आता फसवणुकीचं सांगतो. तेव्हाचा चेअरमन लबाड होता, मापात मारायचा. मी त्याच्यावर अविश्वास ठराव आणला आणि नेमकी लागतील तेवढीच मतं जमवली. त्यातलं एक आप्पांचं. आमच्याकडे मतं जमवून भागत नाही, ती राखावी लागतात. म्हणून संचालकांचे फोन काढून घेतले, दोन जीपमध्ये बसवलं आणि मतदानापर्यंत कोकणात समुद्राकाठच्या हॉटेलात नेऊन ठेवलं. ह्याला सहल म्हणतात. आप्पांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. धोतर खोचून गुडघाभर आत गेले, ओंजळीतलं पाणी चाखलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “येवढं असून एक पाट काढता यायचा न्हाई.” कोळंबी तर अशी खाल्ली, की आचारी बघायला बाहेर आला. त्या दोन दिवसांत आम्ही जितके हसलो, तितका मी माझ्या लग्नातही हसलो नव्हतो.

शनिवारी सकाळी पोहे खाताना टीव्ही लावला. तुर्कस्तानात लष्करातल्या काही लोकांनी रात्रीतून निवडून आलेलं सरकार उलथवायचा प्रयत्न केला होता. पुलावर रणगाडे, आणि त्यांच्यापुढे घरातल्या कपड्यांतच उतरलेली माणसं, रिकाम्या हातांची. खाली देशोदेशीच्या प्रतिक्रियांची पट्टी सरकत होती. आमचे एक संचालक सलीमभाई, त्या दोन्ही जीप त्यांच्याच, पट्टी मोठ्याने वाचत होते. कुणाला चिंता वाटत होती, कुणी लक्ष ठेवून होतं, कुणाचा निवडून आलेल्या सरकारला ठाम पाठिंबा होता.

“ह्ये पाठिंबावालं रातीला कुठं व्हतं?” आप्पांनी विचारलं.

“आप्पा, रातीला कोन जिंकतंय त्येच कळंना,” सलीमभाई म्हणाले.

मला ते पटलं. बाजार बघितल्याशिवाय शहाणा माणूस बोली लावत नाही. मी गमतीत म्हणालो, त्या लष्करवाल्यांचं चुकलंच, आधी सगळ्यांना सहलीला न्यायला हवं होतं. सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. बशी खाली ठेवून ते टीव्हीपाशी गेले. एक म्हातारा रणगाड्याला हात लावून आतल्या शिपायाला काहीतरी समजावत होता. आप्पा उभ्यानेच ते बघत राहिले.

परत येताना घाटात चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. “रंगनाथ, मी हात वर करनार न्हाई.”

आधी चेष्टा वाटली. मग मी असा ओरडलो, की चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. चेअरमन चोर नाही का, असं विचारलं.

“चोर हाय. पर निवडून आलेला चोर हाय. फुडच्या निवडणुकीत पाडू की, समद्यांच्या म्होरं. आसं गडी कोंडून कशापायी?”

“आप्पा, माझी कोळंबी खाल्लीत तुम्ही.”

“खाल्ली. आन् पुना नेलंस तर पुना खाईन.”

ठराव त्या एका मताने पडला. दुसऱ्या दिवशी म्हशीच्या दुधाच्या भावाखाली फळ्यावर अक्षरं होती, ‘तुर्कस्तानच्या जनतेचे अभिनंदन. आपली संस्था आपल्या पाठीशी आहे.’ दूध घालणारे विचारत होते, ह्याने आपला भाव वाढणार का. पुढे तिथल्या सरकारने शिक्षक, पत्रकार, हजारो माणसं तुरुंगात घातली, तेव्हा मी मुद्दाम टोचलं, बघा तुमचं सरकार. “माजं कुठलं? मी रस्त्यावरच्यांच्या बाजूनं व्हतो,” ते म्हणाले आणि फळ्यावर निषेध लिहायला गेले.

मी बरेच दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी मात्र यायचं सोडलं नाही. एखाद्या ट्रॅक्टरच्या सीटवर बसायचे आणि हवेला पेपर वाचून दाखवायचे. एकदा कांद्याचा भाव चुकीचा वाचला. मला राहवेना, मी दुरुस्त केला. “बोलला,” एवढंच म्हणाले आणि पुढची बातमी वाचायला लागले. तोही त्यांचा डावच होता.

पुढच्या निवडणुकीत ते माझ्यासाठी दारोदार फिरले. सांगायचे, गडी तापट आहे, कुणाचं ऐकत नाही, पण दुधाच्या भावासाठी भांडायला असाच पाहिजे. मी उघड्यावर, सगळ्यांसमोर निवडून आलो. असं निवडून यायला मजा येते, हे मान्य. म्हणून आधीची फसवणूक फिटत नाही.

सकाळी दूध घालून झालं तरी माणसं अजून थोडा वेळ थांबतात. पेपर कुणीतरी वाचायला हवा म्हणून मी वाचून बघितला. माणसं म्हणाली, चेअरमन, तुम्ही बातमीशी भांडता. मग पेपर आप्पांच्या खुर्चीवर ठेवला. आता रोज तिथेच ठेवतात, आणि ज्याला हवा तो उभ्याने वाचून परत ठेवतो. खुर्चीवर कुणी बसत नाही.

गुरुवारपासून माझ्या संचालकांचे फोन बंद आहेत आणि सलीमभाईंच्या जीप दारात नाहीत. कुणी म्हणेल, रंगनाथ, तूही हेच केलं होतंस. माझं वेगळं होतं. तो चेअरमन चोर होता, मी नाही. फोन करून ओरडता येत नाही, पण हॉटेलात सकाळी पेपर येतो आणि पोहे येईपर्यंत माणूस तो चाळतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुरवणीच्या संपादकांशी घासाघीस करून हा लेख आजच छापून घेतला.

तेव्हा सलीमभाई, वाचताय ना? माझा कारभार वाईट असेल तर मला निवडणुकीत, लोकांसमोर पाडा. मी शिव्या देईन, पण पडेन. कोंडून घेऊनच काढायचं असेल, तर उद्या हात वर करण्याआधी तुमच्यातल्या एकाने उभं राहून सांगावं, की किसनआप्पा गेल्यावर आपल्या संस्थेत रणगाड्याला हात लावणारा एकही माणूस कसा उरला नाही. मला ह्याचं उत्तर पाहिजे. पडलो तरी पाहिजे.