दामाजीचा पंप आणि दोन पिवळी झाकणं

डोंबिवलीत मानपाड्याला कोणालाही विचारा, दामाजीचा पंप कुठे? बोर्डावर कंपनीचं नाव आहे, खाली आमचं आडनाव आहे, पण ते कोणी वाचत नाही. दामाजी माझा आजोबा. तो जाऊन तेवीस वर्षं झाली, तरी टेम्पोवाले अजून म्हणतात, "दामाजीकडे टाकून घेतो." हे ऐकलं की माझी छाती फुगते, का फुगू नये? पण ते नाव टिकवलं कोणी असं विचाराल, तर मी आजोबाचं नाव घेणार नाही. ते टिकवलं माझ्या आत्याने, जनाबाईने.

आजोबाची इथे भातशेती, आणि उन्हाळ्यात खाडीकडे मिठागरावर मजुरी. कारखाने आले, ट्रक आले, आणि ट्रकवाले डिझेलसाठी पार कल्याणपर्यंत जातात हे म्हाताऱ्याने हेरलं. खटपटी करून बहात्तर साली कंपनीचा पंप मिळवला. मिळवला खरा, पण आजोबा अंगठेबहाद्दर. जमिनीखालच्या टाकीत मापाची काठी सोडायची, ती किती भिजली ते वाचायचं आणि कंपनीच्या तक्त्यावरून टाकीत किती लिटर उरलंय ते काढायचं, हे त्याच्याने होईना. तेव्हा सातवी पास झालेली, सतरा वर्षांची जना पुढे झाली. कंपनीचा साहेब हसला म्हणे, "ये छोकरी नापेगी?" महिन्याभराने तो परत आला, तेव्हा आत्याने तक्ता न उघडता आकडा सांगितला. साहेबाने तक्ता काढून ताडून बघितलं आणि गपचूप चहा प्यायला.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला काठी आत्याच्या हातात. पन्नास वर्षं झाली की हो! लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, "वेळ कुटं मिळाला?" पेट्रोल कमी दिलं म्हणून गिऱ्हाइकाने आवाज चढवला, की पाच लिटरचं माप आणून त्याच्यासमोर आदळते. "भरून बघ, मंग बोल." आता टाकीत सेन्सर बसलाय, पातळी ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसते. मी तिला दहा वेळा म्हटलेलं, "आत्या, ती काठी आता म्युझियमला देऊन टाक." तर म्हणे, "तुज्या टीव्हीला वास येतो काय रं?"

मी मयूर, तिचा धाकटा भाचा. आता जी गोष्ट सांगतोय ती माझ्या मूर्खपणाची आहे, तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

गेल्या वर्षी माझं लग्न होतं. आम्हा आगऱ्यांत लग्नापेक्षा हळद मोठी, हे ठाणे जिल्ह्यात सांगायला नको. मला वाटलं, नवरा पंपाचा, तर पंपालाही हळद लागली पाहिजे. पोरांना घेतलं आणि खांब, कठडा, झाडांचे ओटे, सगळं पिवळंधमक करून टाकलं. तरी अर्धा डबा रंग उरला. जमिनीवर टाक्यांची दोन झाकणं होती, पेट्रोलचं हिरवं आणि डिझेलचं निळं, वर नावं लिहिलेली. म्हटलं, यांनी काय पाप केलंय? नावांसकट तीही पिवळी केली.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला टँकर आला. एरवी टँकर रिकामा होताना आत्या उभी असते. त्या दिवशी ती घरी देवकाच्या पूजेत अडकलेली. सहाची काठीसुद्धा पहिल्यांदाच लांबणीवर पडली होती. हळद लागलेल्या नवऱ्याने उंबरा ओलांडायचा नसतो, पण मी कसला ऐकतोय! पिवळ्या अंगानेच पंपावर आलेलो, फोनवर मित्रांना वऱ्हाडाची बस कुठून सुटणार ते सांगत होतो. ड्रायव्हर नवा होता. त्याने विचारलं, "डीझल कौनसा?" मी फोन कानाला लावूनच बोट दाखवलं.

अख्खं डिझेल पेट्रोलच्या टाकीत गेलं.

कोणाला काही कळलं नाही. टाकी भरल्याचं स्क्रीनवर दिसलं, सगळे खूश, विक्री चालू. पावणेआठला आत्या आली. नवी पैठणी, केसात गजरा, आणि हातात काठी. काठी सोडली, वर काढली आणि बघत उभी राहिली.

"जल्ला, ही वालत का नाय?"

पेट्रोलात भिजलेली काठी बोलता बोलता वाळते. डिझेलाची तशीच तेलकट राहते. आत्याने ती नाकाजवळ नेली आणि एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यावरचे लोक थांबले. "बंद करा! सगला बंद करा!"

तोवर अठरा गाड्या पेट्रोल भरून गेलेल्या.

अनिशदादा, माझा मोठा भाऊ, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "टँकरातच भेसळ होती म्हणूया. ड्रायव्हर परगावचा, त्याचं कोण ऐकतंय?" आत्याचे कान तिखट. ती म्हणाली, "झाकणा त्यानं रंगवली काय? बोट त्यानं दावला काय? अनिश, बाबाचा नाव त्या ड्रायव्हरच्या डोक्यावर उभा करतंस?" आणि तिने स्वतः कंपनीला फोन लावला. आमच्या हातून चूक झाली, पंप बंद केलाय, माणसं पाठवा. पंपाचा परवाना जाईल की राहील, हेही तेव्हा माहीत नव्हतं. मग पुठ्ठा घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: "आज सकाळी इथे पेट्रोल भरलेल्यांनी गाडी चालवू नये. चूक आमची आहे. दुरुस्ती आम्ही करून देऊ." तो रस्त्यावर लावला. मला वाटलं, संपलं. पन्नास वर्षांच्या नावाची मी एका बोटाने माती केली.

"आत्या, मुहूर्त..." मी म्हटलं.

"तू जा. पोरीला मांडवात ताटकलत ठेवू नको. मना आज काम हाय."

डोकं फिरलं माझं. जिच्या कडेवर मी वाढलो, ती माझ्या लग्नाला नाही! पण बोलणार कोणत्या तोंडाने? अक्षता पडल्या तेव्हा मी सारखा दाराकडे बघत होतो. पैठणी नेसलेली आत्या त्या वेळी उत्तमदादाला, आमच्या मॅनेजरला, शेजारी बसवून कॅमेऱ्यातले गाड्यांचे नंबर उतरवत होती. दोन मेकॅनिक टेम्पोत घालून ती पार टाटा पॉवरच्या नाक्यापर्यंत फिरली. लोक शिव्या द्यायचे, ती हात जोडायची आणि गाडी टेम्पोत चढवायची. संध्याकाळपर्यंत सतरा गाड्या सापडल्या. अठरावी एक राखाडी स्कूटर. नंबरावर चिखल, काही केल्या वाचता येईना.

"सतरा सापडल्या ना? एकीसाठी काय जीव देणार?" अनिशदादा म्हणाला.

"ज्याची हाय त्याला ती एकच हाय," आत्या म्हणाली.

तीन दिवस तिला धड जेवण गेलं नाही. शेवटी करिश्माने, माझ्या बायकोने, त्या पुठ्ठ्याचा आणि कॅमेऱ्यातल्या स्कूटरचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. लग्नाचे फोटो टाकायच्या दिवसांत नव्या नवरीने सासरची चूक जगाला दाखवली, आणि आत्याने तिला तिथेच जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी खडवलीहून एका गॅरेजवाल्याचा फोन आला.

आत्या, करिश्मा आणि मी, आम्ही तिघं गेलो. स्कूटरचं इंजिन खोलून गोणपाटावर मांडलेलं. मालक कारखान्यातले फिटर, साठीला आलेले. रात्रपाळी सुटल्यावर आमच्याकडे भरून निघालेले, शहाडच्या पुढे गाडी धूर सोडत बंद पडली. चार दिवस कामावर जायचे वांधे झालेले. आत्याने हात जोडले. मी पायाच पडलो आणि सगळं सांगितलं, झाकणं, रंग, बोट, सगळं. आता हा माणूस कानाखाली काढणार, अशी माझी तयारी होती.

पण चिडला तो गॅरेजवाला, आणि तोही आमच्यावर नाही, फिटरकाकांवर. "बघा काका! पहिल्या दिवसापासून सांगतोय, टाकी रिकामी करू, पेट्रोलात लोचा आहे. ऐकलंत? उगाच इंजिन खोलायला लावलंत."

फिटरकाका खजील झाले. आत्याकडे बघून म्हणाले, "बाई, मीच त्याला म्हटलं, काय वाटेल ते खोल, पण पेट्रोलवर संशय घेऊ नको. पेट्रोल दामाजीकडचं आहे."

इतक्या वर्षांत मी आत्याला रडताना पाहिलं नव्हतं. ती तिथेच गोणपाटाशेजारी खाली बसली आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली.

आठवड्याने टाकी साफ होऊन, कंपनीची समज घेऊन पंप उघडला. झाकणं परत हिरवी-निळी मी स्वतः केली. सकाळी सहाला आत्या आली. काठी तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घे. वालते काय बघ."