मद्रासच्या मॉलमध्ये ताईची शर्यत

सोलापूर स्टेशनवर शेजारच्या काकू भेटल्या आणि एवढं सामान कुठे, म्हणून विचारू लागल्या. आई म्हणाली, "काही नाही हो, मुलांना सुट्टी आहे. नणंद मद्रासला असते, समुद्र दाखवून आणतो." आता समुद्र बघायला जाणारी माणसं पिशवीभर जाड पोहे आणि घडीसुद्धा न मोडलेली साडी कशाला नेतात, हे काकूंना कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण स्थळ पक्कं होईपर्यंत बाहेर ब्र काढायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा होता.

मी तेव्हा दहा वर्षांचा. मद्रासचं नाव बदलून चेन्नई झालं होतं, पण आमच्या घरापर्यंत ते पोचलं नव्हतं. शुभाताईसाठी आत्याने तिथलं एक स्थळ सुचवलं होतं. मुलाला रजा मिळत नव्हती आणि मुलीने उठून स्वतःला दाखवायला परगावी जायचं हे बाबांना पटत नव्हतं. शेवटी आत्यानेच तोड काढली. "तुम्ही सुट्टीला या. ते लोक माझ्याकडे कॉफीला येतील. सहज गाठ पडली म्हणायचं." त्यावर बाबा राजी झाले.

आत्याचं घर वेस्ट मांबलममध्ये, तीनमजली इमारतीत. दारात पांढरं शुभ्र कोलम (तांदळाच्या पिठाची रांगोळी) होतं. मी पहिलं पाऊल नेमकं त्याच्यावर ठेवलं. "वांगो, वांगो (या, या)," म्हणत आत्या बाहेर आली आणि माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "आलास का मन्या, दिसलंच." इतकी वर्षं तिथे राहून तिच्या मराठीला एक हेल आला होता. वाक्य संपता संपता वर चढायचं, आणि आपल्याला काहीतरी विचारलंय असं उगीच वाटत राहायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खरंच समुद्रावर गेलो, म्हणजे आई अगदीच खोटं बोलली असं कोणी म्हणायला नको. तिथे एका लाटेने माझी एक चप्पल नेली. उरलेली घेऊन मी काय करणार? आत्याच्या यजमानांच्या भल्या मोठ्या चपला मला मिळाल्या, त्या फटक फटक वाजवत मी उरलेली सुट्टी काढली.

मग तो दिवस उजाडला. आईने सोलापूरहून आणलेल्या पोह्यांचे कांदेपोहे केले. वर आत्याच्या घरचं ओलं खोबरं पडलं. मुलाचं नाव प्रसन्न राव, अंबत्तूरला एका कंपनीत इंजिनिअर. घराणं तंजावरकडचं मराठी, पिढ्यान् पिढ्या तिकडेच. त्याच्या आई पोहे खाताना म्हणाल्या, "बहु रुचकर." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कीर्तनाला येऊन बसलोय. पोह्यांवर फिल्टर कॉफी आली. आईला चहाच हवा होता, पण 'सहज' भेटीत मागणार कसा?

रिकामे पेले उचलता उचलता आत्या म्हणाली, "इथे काय बोलणार ती दोघं? मोठ्या रस्त्यावर नवा मॉल झालाय, तासभर जाऊन या. मन्याला घेऊन जा."

मला कशाला नेतात ते मला ठाऊक होतं. तरी आईने स्वयंपाकघरात बोलावून बजावलंच. "कान उघडे ठेव. तो तिच्याशी कसा बोलतो, रागीट आहे का, सगळं बघ." मग ताईकडे वळून, "आणि तू खी खी करू नकोस. बेतानं बोल."

मॉल हे प्रकरण मी पहिल्यांदाच पाहत होतो. सरकत्या जिन्यावर माझी एक चप्पल पुढे गेली आणि मी मागे राहिलो, ते सोडून देऊ. सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचलो आणि मी जागच्या जागी थिजलो. अंधारा हॉल, त्यात ओळीने उभी, लखलखणारी यंत्रं. कुणी बंदुकीने पडद्यावरची भुतं उडवतंय, कुणी खोट्या मोटरसायकलवर खऱ्यासारखं वाकतंय. आमच्याकडे व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा, तोही मित्राच्या घरी, त्याची आई झोपली असली तर. इथे तर चक्क मोटारी होत्या. सीट, स्टिअरिंग, गिअर, सगळं.

"तंबी (लहान भाऊ), खेळतोस?" प्रसन्न रावांनी विचारलं आणि पितळी टोकनं माझ्या हातात ठेवली.

कान उघडे ठेव म्हणे! तिथे धडाम आणि घूं घूं यांच्यापुढे स्वतःचा आवाज ऐकू येईना. शिवाय मी मोटारीत बसलो, तर पाय खालच्या पॅडलपर्यंत पोचेना. प्रसन्न राव इस्त्रीची पँट घालून माझ्या शेजारी खाली उकिडवे बसले आणि हाताने पॅडल दाबू लागले. मी वळवायचं, त्यांनी पळवायचं. आम्ही दर वळणावर भिंतीला धडकलो. मागून ताई ओरडली, "अरे, वळणाआधी सोडा ना ते! तशी वळते का गाडी?"

"तुम्ही दाखवा मग," ते म्हणाले.

ताईने इकडेतिकडे बघितलं, पदर कमरेला खोचला आणि शेजारच्या मोटारीत जाऊन बसली. सोलापुरात ती बाबांची जुनी स्कूटर पळवायची, खड्डे कुठे आहेत ते डोळे मिटून सांगायची. दोघांची शर्यत सुरू झाली. ताई जिंकली. प्रसन्न राव मान मागे टाकून हसले आणि म्हणाले, "अजून एकदा." ताई पुन्हा जिंकली. ते पुन्हा हसले. ताई तर अशी खी खी हसत होती की आईने पाहिलं असतं तर संपलंच. मी मध्येच भुतं मारायला गेलो, परत आलो, तरी राव हरतच होते आणि हसतच होते.

परतीच्या गाडीत डबा उघडला, दहीभात वाटला गेला आणि बाबांनी विषय काढला. "माणसं चांगली आहेत, त्यांचा होकारही आलाय. पण फार लांब. भाषा वेगळी, खाणं वेगळं. मला वाटतं, नको म्हणून कळवावं. तुझं काय म्हणणं, शुभा?"

"तुम्ही ठरवाल तसं," ताई म्हणाली. पण तिचा घास हातातच राहिला होता.

"मन्या, काय बोलली रे ती दोघं?" आईने विचारलं.

आली का पंचाईत! मी काही म्हणजे काहीच ऐकलं नव्हतं. जे पाहिलं तेच सांगितलं. "ते हरले की हसतात."

"म्हणजे?"

मग मी सगळी शर्यत सांगितली, पदर खोचण्यासकट. आईने ताईकडे पाहिलं. "प्रत्येक वेळी तू जिंकलीस? आणि तो चिडला नाही?"

"नाही," ताई हळूच म्हणाली. "वळणं शिकवा म्हणाले."

आई जरा वेळ दहीभात कालवत राहिली. मग बाबांना म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा आपण पत्ते खेळलो आणि मी जिंकले. तुम्ही रात्री जेवला नव्हता. आजतागायत मी मुद्दाम हरते." बाबांनी डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं. शेवटी म्हणाले, "बरं, होकार कळवू."

ताई खिडकीकडे तोंड करून बसली. तिचे कान लाल झाले होते. मला तर आभाळ ठेंगणं झालं. "आता प्रत्येक सुट्टीत मद्रास! ताई, आपण दोघं जायचं. तू मोटारीत, मी बंदुकीवर. आणि येताना गाडीत वरचा बर्थ माझा."

"येताना तुम्ही तिघंच असाल रे मन्या," ताई म्हणाली आणि तिच्या वाटणीचं लिंबाचं लोणचं माझ्या भातावर ठेवलं.

मी आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. कुणीच तिला खोटं पाडेना. मी ते लोणचं परत तिच्या भातावर ठेवलं. मनात आलं, त्या माणसाने एकदा तरी चिडायला हवं होतं.